कॅरिबियनची लक्झरी क्रूझ: सगळे मला विचारतात ते प्रश्न

थंडी सुरू झाली की फोन सुरू होतात. कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं, कुणाची साठी, कुणाचे आईबाबा न्यू जर्सीला लेकीकडे आलेत आणि त्यांना परत जायच्या आधी काहीतरी भारी दाखवायचंय. प्रश्न तेच असतात, म्हणून एकदा बसून सगळी उत्तरं लिहून काढलीत. काही लांबलीत, चालवून घ्या.

लक्झरी क्रूझ म्हणजे ती वीस मजली जहाजं, तीच ना?

नाही हो. रॉयल कॅरिबियनचं आयकॉन ऑफ द सीज घ्या, जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून सुरू झालं, वीस डेक, पूर्ण भरलं तर साडेसात हजारांच्या वर माणसं, वॉटरपार्क, बर्फावरचे शो, काय नाही ते विचारा. पोरांना घेऊन जायला एक नंबर, पण ती जत्रा आहे, आणि जत्रेत मजा असते, निवांतपणा नसतो.

लक्झरी म्हणतात ती जहाजं वेगळी. सीबोर्न, सिल्व्हरसी, रीजंट सेव्हन सीज, एक्सप्लोरा, रिट्झ-कार्लटनची यॉट. साधारण दोन-तीनशेपासून फार तर हजारभर लोक, सगळ्या खोल्या स्वीट, दारू, टिप्स, जेवण सगळं तिकिटातच, आणि सकाळी पूलजवळची खुर्ची अडवायला टॉवेल टाकून यावं लागत नाही. त्याहून लहान म्हणजे सीड्रीम किंवा शिडाची जहाजं, स्टार क्लिपर्स वगैरे.

पण एवढे जास्त पैसे नक्की कशाचे द्यायचे? झुंबरं आणि कॅव्हिआरचे?

कॅव्हिआर मिळतो, पण पैसे त्याचे देऊ नका. माझ्या मते कॅरिबियनमध्ये पैसे द्यायचे ते जहाजाच्या लहान आकाराचे. कारण असं की मोठ्या जहाजाला खोल पाणी आणि भला मोठा धक्का लागतो, म्हणून ती सगळी ठरलेल्या बंदरांना जातात, नासाऊ, कोझुमेल, सेंट थॉमस, सेंट मार्टिन, आणि सीझनमध्ये एकाच दिवशी चार-पाच जहाजं लागली की दहा-पंधरा हजार माणूस एका छोट्या गावात उतरतो. मग बेट कसलं दिसतंय, समोरच्याची पाठ दिसते.

लहान जहाज बेकियाला जातं, सेंट बार्ट्सच्या गुस्ताव्हियाला जातं, जोस्ट व्हॅन डाइकला, ग्वादलूपजवळच्या ले सँतला. बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटीने, त्याला टेंडर म्हणतात, तुम्हाला किनाऱ्यावर सोडतं. ले सँतला जेट्टीवर उतरलात की बायका टोपल्यांत छोटे टार्ट घेऊन उभ्या असतात, आत खोबऱ्याचं गोड सारण, अजून गरम असतात, ते खात खात गावातून वर नेपोलियन किल्ल्यापर्यंत चालत जायचं, वरून सगळी खाडी आणि त्यात आपलं एकटं जहाज. पैसे याचे.

मोठ्याच जहाजावर चांगला स्वीट घेतला तर नाही का चालणार?

चालेल की. एमएससीचा यॉट क्लब, नॉर्वेजियनचं द हेवन, हे जहाजातलं वेगळं जहाजच, स्वतःचा पूल, स्वतःचं रेस्टॉरंट, बटलर. आजी-आजोबा, तुम्ही आणि पोरं असे तीन पिढ्या जाणार असाल तर मी हेच सुचवते. फक्त धक्क्यावर उतरल्यावर जहाजावरच्या बाकीच्या हजारो माणसांतच उभं राहायचंय हे लक्षात असू द्या.

ईस्टर्न, वेस्टर्न, सदर्न असं लिहिलेलं असतं. कुठलं घ्यायचं?

वेस्टर्न म्हणजे कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका, बेलीझ, रोआतान. पोहणारे, स्नॉर्केल करणारे, माया लोकांचे अवशेष बघायची आवड असलेले, यांच्यासाठी. ग्रँड केमनला स्टिंगरे सिटी आहे, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि मोठमोठे स्टिंगरे मासे पायाला घासून जातात, पहिली दोन मिनिटं सगळे किंचाळतात.

ईस्टर्न म्हणजे सॅन हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिन. सोपा रूट, शॉपिंग भरपूर.

पण पहिल्यांदाच आणि एकदाच जाणार असाल तर सदर्न घ्या असं मी डोळे झाकून सांगेन. बार्बाडोस, सेंट लुशिया, ग्रेनाडा, मार्टिनिक, डॉमिनिका, पलीकडे अरुबा, कुरसाव. बेटं जवळ जवळ आहेत, त्यामुळे जहाज रात्री चालतं आणि सकाळी डोळे उघडले की नवीन डोंगर. सेंट लुशियाचे दोन पिटॉन सुळके समुद्रातून सरळ वर उठलेले, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि सकाळी साडेसहाला जहाज त्यांच्यासमोरून जात असेल तर कृपा करून झोपून राहू नका. जवळच सूफ्रिएरला गंधकाचे गरम झरे, कुजक्या अंड्यांसारखा वास, लोक अंगाला राखाडी चिखल फासून उभे. कुरसावला विलेमस्टाडमध्ये १८८८ सालचा तरंगता पूल आहे, जहाज आलं की अख्खा पूल दारासारखा बाजूला सरकतो.

मार्टिनिकला सेंट-पिएर गाव बघा, १९०२ मध्ये माँ पेले ज्वालामुखी फुटला आणि जवळपास सगळं गाव काही मिनिटांत गेलं, थिएटरच्या पायऱ्या अजून तशाच आहेत.

कधी जायचं? ते वादळांचं काय?

हरिकेनचा सीझन अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर. सगळ्यात वाईट ऑगस्टचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य. जहाज वादळात शिरत नाही, ते रूट बदलून पळतं, त्यामुळे जिवाची भीती नाही, पण तुम्ही सेंट लुशियाचे पैसे भरलेत आणि बघून आलात कोझुमेल असं होऊ शकतं, आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत, तिकिटाच्या अटींत तसं लिहिलेलंच असतं.

लक्झरी जहाजं मुळात नोव्हेंबर ते एप्रिलच इथे असतात, उन्हाळ्यात बरीचशी युरोपला जातात. ख्रिसमस-न्यू इयर सगळ्यात महाग. डिसेंबरचे पहिले दोन आठवडे आणि न्यू इयर उरकल्यानंतरचा जानेवारी, तेव्हा भाव जरा उतरतात आणि हवा उत्तम. मार्चमध्ये अमेरिकन कॉलेजवाल्यांना सुट्टी असते, तेव्हा मोठी जहाजं टाळाच. आणि अरुबा, कुरसाव, बोनेर ही बेटं एवढी दक्षिणेला आहेत की वादळं बहुतेक वेळा वरून निघून जातात.

किती खर्च येतो, खरं खरं सांगा.

ढोबळ आकडे देते, तारखेनुसार खूप बदलतात. मोठ्या जहाजावर आतली, बिनखिडकीची केबिन माणशी रोज शे-दीडशे डॉलरपासून मिळते. खऱ्या लक्झरी जहाजावर माणशी रोज पाचशे ते हजार डॉलर धरा, मोठा स्वीट असेल तर त्याच्याही वर. भाव नेहमी एका खोलीत दोघं धरून माणशी सांगतात, एकटे जाणार असाल तर वेगळा जादा आकार पडतो आणि तो कधी कधी जवळजवळ दुसऱ्या माणसाएवढा असतो.

पण तुलना करताना सरळ आकडे समोरासमोर ठेवू नका. स्वस्त तिकिटावर टिप्स माणशी रोज साधारण सोळा ते वीस डॉलर आपोआप लागतात, दारू वेगळी, वायफाय वेगळं, चांगलं रेस्टॉरंट वेगळं, प्रत्येक बेटावरची टूर वेगळी. रीजंटसारख्या कंपनीत बऱ्याचशा टूरही तिकिटातच. सगळं मिळवून बघितलं की फरक राहतोच, पण वाटतो तेवढा राहत नाही. अर्थात दोघंही दारू न पिणारे असाल तर तुम्ही शेजारच्यांच्या शॅम्पेनचे पैसे भरताय हेही खरं.

भारतातून पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात. तो रिटर्न भरताना वळता होतो, दर मात्र बजेटमध्ये बदलत राहतात, बुकिंगच्या दिवशीचा दर विचारून घ्या.

व्हिसा कुठला लागतो?

मायामी, फोर्ट लॉडरडेल, सॅन हुआन इथून सुटणार असाल तर अमेरिकेचा व्हिसा हवाच, आणि तो मल्टिपल एंट्री हवा, कारण जहाज अमेरिकेबाहेर जाऊन परत येतं म्हणजे तुमची दुसरी एंट्री होते. भारतीयांना मिळणारा बी१-बी२, म्हणजे व्हिजिटर व्हिसा, बहुतेक वेळा दहा वर्षांचा मल्टिपलच असतो, पण बघून घ्या.

बार्बाडोसला भारतीय पासपोर्टवर फिरायला व्हिसा लागत नाही, म्हणून काही जण लंडनमार्गे थेट ब्रिजटाऊनला जाऊन तिथून जहाज पकडतात. हुशारी आहे, पण दोन गोष्टी. लंडनला विमान बदलताना ट्रान्झिटचा नियम तुम्हाला लागू होतो का ते बघा. आणि रूटमध्ये सेंट थॉमस किंवा सॅन हुआन असेल तर ती अमेरिकेचीच भूमी, मग अमेरिकन व्हिसा लागणारच. मार्टिनिक, ग्वादलूप फ्रान्सचे आहेत, पण नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालेल असं धरून चालू नका. प्रत्येक बंदराचं नाव लिहून क्रूझ कंपनीकडून ईमेलवर उत्तर घ्या, फोनवर नको.

आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत. क्रूझ करून आलं की त्यांना नवीन सहा महिने मिळतात का?

हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. यावर प्लॅन आखू नका. जवळच्या बेटांवर तीस दिवसांपेक्षा कमी जाऊन आलं तर साधारणपणे जुनीच तारीख चालू राहते, ऑफिसरने नवीन दिली तर त्याची मर्जी. परत आल्यावर आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद) ऑनलाइन काढून तारीख बघा, अंदाज बांधू नका.

आम्ही एचवनबीवर आहोत, पासपोर्टमधला व्हिसाचा स्टॅम्प संपलाय पण आय-७९७ (मंजुरीची नोटीस) आहे. जाता येईल?

नका जाऊ. स्टॅम्प संपलेला असताना परत यायची जी सवलत आहे ती एचवनवाल्यांना फक्त कॅनडा-मेक्सिकोपुरती आहे, बेटांना नाही. बहामाला पाय लागला की अडकलात. वकिलाला विचारल्याशिवाय डिपॉझिटसुद्धा भरू नका.

यलो फीव्हरची लस लागते असं कुणीतरी म्हणालं?

रूटवर अवलंबून. त्रिनिदाद, कोलंबियाचं कार्ताहेना, पनामा, असं बंदर असेल आणि तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणार असाल तर सर्टिफिकेट लागतं, नाहीतर विमानतळावरून थेट क्वारंटाइन. लस जायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, त्याआधी सर्टिफिकेट ग्राह्य नाही. साठीच्या पुढच्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. आणि क्रूझनंतर अमेरिकेत मुलाकडे आठ-दहा दिवस राहून मग भारतात जाणार असाल तर तो सहा दिवसांचा प्रश्न आपोआप सुटतो.

आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहू का?

अजिबात नाही, पण गप्प बसलात तर रोज पास्ता मिळेल. बुकिंग करतानाच लेखी कळवा, व्हेजिटेरियन एवढंच नको, अंडं चालतं का, मासे नकोत (हो, हेही सांगावं लागतं, बऱ्याच जणांना वाटतं की मासे चालतात), जैन असाल तर कांदा-लसूण नको. आणि पहिल्याच रात्री हेड वेटरला भेटा. उद्याचा मेन्यू आदल्या दिवशी दाखवा म्हणायचं आणि आपल्याला हवं ते सांगून ठेवायचं, लहान जहाजावर ते आनंदाने करतात.

एक गंमत. क्रूझच्या धंद्यात गोव्याची माणसं फार जुनी आहेत, तारवटी म्हणतात त्यांना तिकडे, किचनमध्ये, डायनिंगमध्ये, हाउसकीपिंगमध्ये कुठे ना कुठे एखादा मडगावचा, म्हापशाचा भेटतोच. नावाची पाटी बघा छातीवर, खाली बऱ्याचदा देशही लिहिलेला असतो. "कसो आसा?" एवढं विचारलंत की तिसऱ्या दिवशी मेन्यूत नसलेली फोडणीची डाळ टेबलवर येते, आणि ती तिखट असते, खोटी तिखट नाही.

चहाची किटली नेली तर चालेल? आणि फराळ?

किटली नाही. इस्त्री नाही. सर्ज प्रोटेक्टरवालं एक्स्टेंशन बोर्डही नाही. आगीच्या भीतीने जवळजवळ सगळ्याच कंपन्यांत बंदी आहे, स्कॅनरमध्ये दिसलं की काढून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. लक्झरी जहाजावर बटलरला सांगा, दूध उकळून, आलं ठेचून घाल म्हणावं, दोन दिवसांत शिकतो.

दुकानातला सीलबंद चिवडा, भाकरवडी, खाखरे बहुतेक ठिकाणी चालतात. घरी केलेलं नाही. आणि जहाजावरचं सफरचंद पर्समध्ये टाकून बेटावर उतरू नका, फळं नेण्यावर दंड होतो.

बोट लागते हो मला. पाच दिवस उलट्या करण्यात जायच्या.

जहाजाला डुलणं कमी करणारे स्टॅबिलायझर असतात, समुद्रही बहुतेक दिवस शांत असतो. पण लहान जहाज जास्त हलतं, हे लपवत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत पूर्वेकडून जोरदार वारे सुटतात. केबिन खालच्या डेकवर आणि जहाजाच्या मध्यभागी घ्या, वरच्या महागड्या टोकाच्या स्वीटमध्ये सगळ्यात जास्त झोके बसतात. गोळी डॉक्टरांना विचारून न्या आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्या, नंतर घेऊन उपयोग नाही.

कपडे काय न्यायचे?

दिवसा सुती, संध्याकाळी जरा नीट. एखादी फॉर्मल रात्र असते, बायकांनी साडी नेसावी, अख्खं जहाज येऊन विचारतं. पुरुषांना ब्लेझर पुरतो.

मिलिटरीच्या छापाचे कपडे मात्र अजिबात नेऊ नका, पोरांची हाफपँटसुद्धा नाही. बार्बाडोस, जमैका, सेंट लुशिया, ग्रेनाडा, त्रिनिदाद इथे सामान्य माणसाने ते घालणं कायद्याने गुन्हा आहे. थट्टा नाही.

बेटावर जहाजाची टूर घ्यायची की आपली आपण टॅक्सी?

लहान बेटांवर टॅक्सी. धक्क्यावरच ठरलेल्या भावांचा बोर्ड असतो, चौघं मिळून घेतली तर जहाजाच्या टूरपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि ड्रायव्हर गप्पा मारत त्याच्या मावशीच्या घरावरूनही नेतो. पण लांबचं ठिकाण असेल तर जहाजाचीच टूर घ्या, कारण जहाजाच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीला झाला तर थांबत नाही. धक्क्यावरून धावणारी माणसं आणि वर डेकवरून टाळ्या वाजवणारे लोक, असे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील.

घड्याळ! फोन बेटाची वेळ पकडतो, जहाज कधी कधी मायामीचीच वेळ ठेवतं, एक तासाचा घोळ होतो. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा.

तुमचं सगळ्यात आवडतं बेट?

ग्रेनाडा. जायफळाचं बेट, त्यांच्या झेंड्यावरसुद्धा जायफळ आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात झाडं आणून लावली आणि जायफळात इंडोनेशियाच्या खालोखाल नंबर लागेपर्यंत बेटाने मजल मारली, मग २००४ मध्ये आयव्हन वादळाने बहुतेक झाडं आडवी केली. जायफळाचं झाड नीट फळायला वर्षं लागतात, त्यामुळे तो धक्का अजून भरून निघालेला नाही, वर २०२४ च्या जुलैत बेरिल वादळ आलं.

आपण श्रीखंडात किसून घालतो ते वाळकं, राखाडी. तिथे सेंट जॉर्जेसच्या बाजारात किंवा मसाल्याच्या बागेत ताजं फळ फोडून हातावर ठेवतात. बाहेर पिवळट गर, आत चकचकीत तपकिरी बी, आणि त्या बीवर घट्ट बसलेली लालभडक जाळी, तीच जायपत्री. वाळली की आपल्याला माहीत असलेला तो फिकट नारिंगी रंग येतो. बोटांना वास दिवसभर राहतो. गराचा जॅम करतात, तो एक बाटली घ्याच.

दुपारी ग्रँड आन्सच्या किनाऱ्यावर. आणि पाण्याखाली जायची हौस असेल तर मोलिनेअर खाडीत समुद्रतळावर पुतळे ठेवलेत, २००६ पासून, स्नॉर्केल लावून वरूनच दिसतात.

नवऱ्याला फक्त क्रिकेट कळतं. त्याचं काय करू?

बार्बाडोसला नेऊन सोडा. केन्सिंग्टन ओव्हल, २९ जून २०२४, दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी वर्ल्ड कप, सूर्यकुमारचा सीमारेषेवरचा कॅच, रोहितने खेळपट्टीची माती तोंडात घातली ती हीच जागा. रूटमध्ये त्रिनिदाद असेल तर पोर्ट ऑफ स्पेनला क्वीन्स पार्क ओव्हल, १९७१ मध्ये वाडेकरांच्या टीमने वेस्ट इंडिजला त्यांच्या घरात पहिल्यांदा हरवलं ते इथेच, आणि गावसकरांनी पदार्पण केलं तेही. बाहेर पडलात की डबल्स खा, दोन मऊ तळलेल्या पुऱ्या (त्यांना तिकडे 'बारा' म्हणतात) आणि मध्ये छोल्यांची तिखट भाजी. १८४५ पासून भारतातून मजूर तिकडे गेले, ही चव त्यांच्यामुळेच तिकडे आहे.

समुद्रावर काही धोका?

मँचिनील नावाचं झाड. किनाऱ्यावरच असतं, छान सावली, खाली छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं. फळ विषारी, चीक अंगाला लागला तर फोड, पावसात त्याखाली उभं राहिलात तरी तेच. बऱ्याच ठिकाणी खोडाला लाल पट्टा रंगवतात, पण सगळीकडे नाही. पोरांना आधीच सांगून ठेवा.

सेंट मार्टिनच्या माहो बीचवर विमानं डोक्यावरून जातात, बघायला धमाल, पण कुंपणाला धरून उभं राहू नका, उडणाऱ्या जेटच्या झोताने २०१७ मध्ये एका बाईंचा जीव गेलाय. सनस्क्रीन मिनरलवालं घ्या, यूएस व्हर्जिन आयलंड्स आणि अरुबामध्ये प्रवाळाला घातक रसायनांवर बंदी आहे.

लहान मुलं चालतात?

लक्झरीत बघून घ्या. व्हायकिंगच्या जहाजांवर अठराच्या खाली प्रवेशच नाही. बाकी ठिकाणी चालतात, पण त्यांना करायला फार काही नसतं. सहा महिन्यांखालचं बाळ आणि चोविसाव्या आठवड्यापुढची गरोदर बाई, यांना सहसा कुठलीच कंपनी घेत नाही.

जहाजावर डॉक्टर असतो ना, मग इन्शुरन्स कशाला?

डॉक्टर असतो, बिलही असतं, डॉलरमध्ये. खरा खर्च पुढे, लहान बेटावरून पेशंटला विमानाने मायामीला हलवायचा. मेडिकल इव्हॅक्युएशन आणि क्रूझ, दोन्ही शब्द पॉलिसीत लिहिलेले आहेत का बघा. बीपी-शुगर लपवू नका. गोळ्या हातातल्या बॅगेत, कारण मोठ्या बॅगा केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत येतात.

फोन, इंटरनेट?

जहाजावर पाय ठेवला की एअरप्लेन मोड. समुद्रातलं सॅटेलाइट रोमिंग आपोआप लागलं तर बिल बघून चक्कर येईल. वायफाय आता बऱ्याच जहाजांवर स्टारलिंकचं आहे, व्हॉट्सॲप कॉल नीट चालतो.

फ्लोरिडाहून सुटणाऱ्या इतक्या क्रूझ बहामालाच का थांबतात?

१८८६ चा अमेरिकन कायदा. परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसत्या अमेरिकन बंदरांमध्ये प्रवासी फिरवता येत नाहीत, मधे परदेशी बंदर लागतंच. जहाजं बहुतेक बहामा, पनामा, माल्टा अशा देशांत नोंदवलेली. आणि बहामा सगळ्यात जवळ.

बुकिंग कधी करू?

ख्रिसमसचं हवं असेल तर वर्षभर आधी. बाकी वेळी सात-आठ महिने पुरतात. मुंबईहून मायामीला थेट विमान नाही, म्हणून जहाज सुटायच्या निदान एक दिवस आधी पोचा, बर्फामुळे न्यूयॉर्कला विमान अडकलं तर जहाज थांबणार नाही. आणि डिपॉझिट भरायच्या आधी कॅन्सलेशनचा तक्ता मागवा, कुठल्या तारखेनंतर किती टक्के कापणार ते त्यात असतं. एजंट "नंतर पाठवतो" म्हणाला तर पैसेही नंतरच पाठवा.